वरातीच्या घोड्याची नोंद कुठे आहे?

लग्नसराई आली की मंगळवार पेठेतल्या गल्ल्यांत बँडमागून सजवलेला घोडा येतो. देशाच्या काही भागांत आपल्या समाजातला नवरदेव घोड्यावर बसला म्हणून आजही वरात अडवली जाते, दगड पडतात. त्यामुळे घोड्यावरची वरात ही आपल्याला नुसती हौस वाटत नाही. तो मान आपला आहे आणि आपलाच राहील. आरोग्याच्या या पानावर मात्र वेगळा प्रश्न विचारायचा आहे. वरातीच्या गाडीला पीयूसी लागते, चालकाला परवाना लागतो. मग ज्या घोड्याच्या मानेला आपली लहान मुले हात लावतात, त्याची तपासणी झाली आहे का, हे कोण पाहते?

घोडा काही फक्त वरातीतच भेटत नाही. रंकाळ्याच्या चौपाटीवर संध्याकाळी मुलांना घोड्यावर बसवतात, पन्हाळ्यावर पर्यटकांना फिरवतात. वीटभट्ट्यांवर गाढवे आणि खेचरे माती वाहतात. या जनावरांजवळ रोज असतो तो मोतद्दार, नालबंद, लीद उचलणारा आणि भट्टीवरचा मजूर. त्यांची घरे आपल्याच वस्त्यांत किंवा शेजारच्या वस्त्यांत असतात. जनावराचा रोग माणसाकडे आलाच, तर तो आधी यांच्या घरात येतो. म्हणून घोड्यांच्या साथरोगांवर नजर कशी ठेवतात हे आपल्याला कळायला हवे.

मोजलेले घोडे आणि न मोजलेले घोडे

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार होती. त्याआधीच्या २०१२ च्या गणनेत हा आकडा सुमारे ६ लाख २५ हजार होता. गाढवांची संख्या याहून वेगाने घटून सुमारे १ लाख २० हजारांवर आली. जनावरे कमी झाली, पण उरलेल्या सगळ्यांवर सारखी नजर नाही.

शर्यतीच्या घोड्याकडे स्वतःचा पासपोर्ट असतो. त्याच्या कातडीखाली बारीक चिप असते आणि रक्ततपासणीच्या तारखा लिहिलेल्या असतात. लष्कराच्या घोड्यांचीही चोख नोंद असते. मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरच्या केंद्रातील घोड्यांचा विभाग २०२५ साली जागतिक पशुआरोग्य संघटनेकडे रोगमुक्त विभाग म्हणून नोंदला गेला. भारतातले घोडे परदेशातल्या स्पर्धांना पाठवता यावेत म्हणून ही खटपट होती. गायी-म्हशींच्या कानात आता बारा अंकी पिवळा बिल्ला असतो. वरातीच्या घोड्याला आणि भट्टीवरच्या गाढवाला सहसा यांपैकी काहीच नसते. ते कुठून आणले, आधी कुठे उभे होते, शेवटची तपासणी कधी झाली, हे मालकाच्या आठवणीवर असते.

नोंद नसली की हक्क मिळत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. जातीच्या दाखल्यासाठी आजोबांच्या शाळेचा जुना उतारा शोधत फिरलेली माणसे प्रत्येक वस्तीत आहेत. जनगणना आली की धर्माच्या रकान्यात काय लिहायचे हे आपण घरोघर सांगतो. साथरोगाचेही तसेच आहे. जे जनावर कागदावर नाही, त्याचा आजारही कागदावर येत नाही.

ग्लँडर्स : नाकातून वाहणारा जुना रोग

घोड्यांच्या रोगांत सरकार ज्याला सर्वांत जास्त जपते तो ग्लँडर्स. हा जंतूमुळे होणारा रोग घोडा, खेचर आणि गाढव यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसालाही होऊ शकतो. इंग्रज सरकारने यासाठी १८९९ साली वेगळा कायदाच केला होता. टांगे, बग्ग्या, तोफखाना, टपाल, सगळे घोड्यांवर चालत होते तो काळ. आज हा रोग २००९ च्या जनावरांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्यात येतो.

लक्षणे अशी : नाकातून चिकट, घट्ट, कधी रक्ताची छटा असलेला शेंबूड येतो. नाकाच्या आत व्रण पडतात. जबड्याखालच्या गाठी सुजून कडक होतात. पायांवर आणि अंगावर माळेसारख्या गाठी उठतात, फुटतात आणि त्यांतून पू वाहतो. ताप येतो, खोकला येतो, जनावर खंगत जाते. गाढवात आणि खेचरात रोग बहुतेक वेळा वेगाने वाढतो. घोड्यात मात्र तो महिनोन्‌महिने दबून राहू शकतो. जनावर काम करते, खाते, वरातीत नाचतेही आणि त्याच वेळी पाण्याच्या हौदातून, तोबऱ्यातून, खराऱ्यातून दुसऱ्याला रोग देत असते.

या रोगावर लस नाही. आजारी जनावरावर उपचार करायलाही मनाई आहे. वरवर बरे दिसणारे जनावर आतून रोग बाळगून फिरत राहते, म्हणून ही मनाई. तपासणीत रोग पक्का झाला तर जनावराला वेदना न देता मारतात आणि खोल खड्ड्यात चुन्यासह पुरतात. मालकाला भरपाई देण्याची तरतूद आहे.

लस नाही, उपचार नाही, मग रोग आटोक्यात कसा येतो? केवळ शोधून. ब्रिटनने १९२८ पर्यंत आणि अमेरिकेने १९४२ पर्यंत आपल्या घोड्यांतून हा रोग संपवला. तपासणी, नोंद आणि रोगी जनावर वेगळे काढणे एवढ्याच बळावर ते झाले. वहीच तिथे औषध ठरली.

नजर ठेवतात म्हणजे काय करतात?

नजर ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. पहिला, कोणीतरी आजारी जनावर घेऊन येईल याची वाट पाहायची. मालकाने कळवले की डॉक्टर येतात. दुसरा, कोणी न बोलावताही निरोगी दिसणाऱ्या घोड्यांचे रक्त ठरावीक काळाने तपासायचे. ग्लँडर्ससारखा दबून राहणारा रोग पहिल्या प्रकारात हातून निसटतो. म्हणून दुसरा प्रकार महत्त्वाचा.

रक्ताचा नमुना असा प्रवास करतो. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर घोड्याच्या मानेच्या शिरेतून थोडे रक्त घेतात. नमुन्यावर जनावराचा रंग, वय, खुणा, मालकाचे नाव आणि घोडा उभा राहतो ती जागा लिहितात. महाराष्ट्रात पुण्याजवळ औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे. घोड्यांच्या रोगांसाठी देशाची मुख्य संस्था हरियाणातल्या हिसार येथे आहे. राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे तिचे नाव आणि स्थापना १९८५ ची. ग्लँडर्सचा निकाल पक्का करण्याच्या कामात हिसारचा शब्द महत्त्वाचा असतो. रक्तात या जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे आहेत का, हे तिथे तपासतात. शंका आली तर पुन्हा नमुना मागवतात.

निकाल आला की नकाशा उघडतो. रोगी घोडा जिथे उभा होता त्याभोवती परिघ आखतात. त्या परिघातले सगळे घोडे, खेचरे, गाढवे तपासतात. त्यांची ये-जा थांबवतात, घोड्यांचे बाजार आणि शर्यती काही काळ बंद ठेवतात. आणि मागे जातात : हा घोडा कुठून विकत घेतला? त्याच्यासोबत त्या तबेल्यात कोण होते? गेल्या काही महिन्यांत तो कोणकोणत्या गावांना गेला?

इथेच गाडी अडते. वरातीचा घोडा लग्नसराईत एका गावाहून दुसऱ्या गावाला टेंपोतून जातो. यात्रेतल्या बाजारात त्याचा मालक बदलतो. नंदुरबारच्या सारंगखेड्याचा बाजार, नांदेडच्या माळेगावची खंडोबाची यात्रा, अकलूजचा बाजार, गाढवांसाठी जेजुरीचा पौष पौर्णिमेचा बाजार, अशा ठिकाणी दूरदूरची जनावरे एका हौदावर पाणी पितात आणि आपापल्या वाटेने पांगतात. पावती नसेल, तारीख नसेल, तर मागचा माग लागत नाही.

पाचगणी आणि कटरा

हे सगळे पुस्तकातले नाही. भारतात काही वर्षे ग्लँडर्स दिसला नव्हता. रोग गेला असे वाटू लागले होते. २००६ साली तो पुणे आणि पाचगणी परिसरातल्या घोड्यांत सापडला. पाचगणी म्हणजे पर्यटकांना घोड्यावर बसवण्याचे गाव. पुढच्या वर्षभरात उत्तर प्रदेश, उत्तराखंड, आंध्र प्रदेश अशा राज्यांतही रोगी जनावरे आढळली. तो गेला नव्हता, फक्त कोणी पाहत नव्हते. त्यानंतर देशभर घोड्यांचे रक्त तपासण्याचे काम पुन्हा जोमाने सुरू झाले.

दुसरे उदाहरण घोड्यांच्या फ्लूचे. भारतात १९८७ ला त्याची मोठी साथ आली होती. २००८ मध्ये तो जम्मूजवळच्या कटरा इथे, वैष्णोदेवीच्या वाटेवर यात्रेकरूंना वाहणाऱ्या घोड्या-खेचरांत दिसला आणि तिथून अनेक राज्यांत पसरला. हा विषाणू सहसा माणसाला त्रास देत नाही. पण जनावर आठवडेच्या आठवडे कामाला उभे राहत नाही आणि हातावर पोट असलेल्या मालकाची चूल थंडावते. घोड्यांच्या फ्लूवर लस आहे. शर्यतीच्या घोड्याला ती वेळेवर मिळते, ओझे वाहणाऱ्या खेचराला क्वचित.

चंद्रपूरचा शेतकरी

आता माणसाकडे येऊ. सर्रा नावाचा आणखी एक रोग घोड्यांना, उंटांना, गायी-म्हशींना होतो. रक्तात वळवळणारा एक सूक्ष्म परजीवी तो घडवतो. १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात तो पाहिला. चावणाऱ्या मोठ्या माश्या एका जनावराचे रक्त पिऊन दुसऱ्याला चावतात, तेव्हा तो पसरतो. घोड्याला थांबून थांबून ताप येतो, खात असूनही तो वाळत जातो, पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो. उपचार वेळेत झाले तर जनावर वाचू शकते.

हा रोग माणसाला होत नाही, असे सव्वाशे वर्षे मानले जात होते. २००४ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला अनेक महिने चढ-उतार होणारा ताप आला. त्याच्या रक्तात हाच परजीवी दिसला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी जागतिक आरोग्य संघटनेची मदत घेतली. उपचाराचे औषध भारतात मिळत नव्हते, ते बाहेरून आणावे लागले. शेतकरी बरा झाला. पुढे कळले की बहुतेक माणसांच्या रक्तात या परजीवीला मारणारे एक प्रथिन असते, ते त्याच्या रक्तात नव्हते.

डॉक्टर तिथेच थांबले नाहीत. त्याच्या गावातल्या १,८०६ लोकांचे रक्त तपासले. पहिल्या साध्या चाचणीत ४१० जणांत खुणा दिसल्या. दुसऱ्या चाचणीत त्यांतल्या ८१ जणांतच त्या पक्क्या ठरल्या. त्यांपैकी ज्यांच्यात खुणा जास्त होत्या अशा ६० जणांचे रक्त बारकाईने पाहिले, परजीवी एकाच्याही रक्तात सापडला नाही. म्हणजे गावातल्या पुष्कळांशी या परजीवीची गाठ पडली असावी, पण शरीराने त्याला हाकलून दिले होते.

या हकिकतीतून दोन गोष्टी घ्यायच्या. घाबरून जाण्यासारखे काही नव्हते, हे तपासणीनंतरच खात्रीने सांगता आले. आणि तो ताप खेड्यातल्या एका कष्टकऱ्याचा होता. त्याच्या रक्ताची काच कोणी सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिली नसती, तर जगाला हे कधी कळलेच नसते.

आपण घरी काय करायचे?

वरातीसाठी किंवा जयंतीच्या मिरवणुकीसाठी घोडा ठरवताना भाव करण्याआधी घोडा पाहा. नाक कोरडे आणि स्वच्छ आहे का? जबड्याखाली गाठ आहे का? पायांवर फुटलेल्या गाठी आहेत का? रक्ततपासणीचा कागद मागा आणि त्यावरची तारीख वाचा. वरून ठीक दिसणाऱ्या घोड्यातही रोग असू शकतो, म्हणून डोळ्यांची तपासणी कागदाची जागा घेऊ शकत नाही. गिऱ्हाईक कागद मागू लागले की मालकही तपासणी करून घेऊ लागतात.

मुलांना घोड्याच्या नाकातोंडाजवळ तोंड नेऊ देऊ नका. हात लावला तर साबणाने धुवायला लावा.

घोड्यांजवळ काम करणाऱ्यांनी हातापायांवरची जखम झाकल्याशिवाय खरारा करू नये, लीद उचलू नये. नाक वाहणाऱ्या जनावराजवळ जाताना हातमोजे घालावेत, तोंडाला फडके बांधावे. त्याचे पाणी, तोबरा आणि जागा वेगळी करावी. माणसाला ग्लँडर्स होणे फार दुर्मीळ आहे. झालाच तर ताप, खोकला, छातीत दुखणे, अंगावर गाठी किंवा व्रण असे दिसते. ते टीबीसारखे किंवा टायफॉइडसारखे वाटू शकते. म्हणून सीपीआरमध्ये जा नाहीतर गल्लीतल्या डॉक्टरकडे, आपण होऊन सांगा, ‘मी घोड्यांजवळ काम करतो.’ केसपेपरवर ते लिहून घ्या. डॉक्टर विचारतीलच असे नाही. वेळेत ओळखले तर माणसातल्या ग्लँडर्सवर औषधे आहेत.

घोड्यामुळे माणसाला असलेला नेहमीचा धोका धनुर्वाताचा. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू असतात. नालेचा खिळा लागला, पायाला चीर गेली, तर जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवा. तिच्यावर शेण, माती, हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. मुलांच्या लसी वेळेवर घ्या. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची लस अनेक घरांत राहून जाते. गरोदर बाईचीही चुकवू नका.

घोड्याला पिसाळलेले कुत्रे चावले तर त्यालाही रेबीज होतो. अशा घोड्याने चावा घेतला किंवा त्याची लाळ जखमेवर पडली, तर जखम पंधरा मिनिटे धुवा आणि लस घ्या.

गल्लीत गाढवीण घेऊन दूध विकणारे येतात. खोकल्यावर गुणकारी म्हणून ते कच्चे दूध तान्ह्या बाळाच्या तोंडात घालतात. त्या गाढविणीची तपासणी झालेली आहे का, हे कोणालाच माहीत नसते. सहा महिन्यांपर्यंत बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. खोकला असेल तर दवाखान्यात न्यावे. काळ्या घोड्याच्या नालेच्या अंगठीने कोणताही रोग टळत नाही, हे आपल्या घरांत तरी सांगावे लागू नये.

कळवायचे कुणाला?

जनावर संशयास्पद वाटले तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करा. कायद्याप्रमाणे कळवण्याची पहिली जबाबदारी मालकाची आणि ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्याची आहे. पण मालक का लपवतो हेही समजून घेतले पाहिजे. त्या एका घोड्यावर त्याचे घर चालते. निकाल वाईट आला तर घोडा जाणार आणि हंगामही बुडणार. भरपाईचा अर्ज कुठे करायचा हे त्याला माहीत नसते. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांनी त्याच्यासोबत दवाखान्यात जावे, भरपाईची रक्कम आणि लागणारी कागदपत्रे विचारून घ्यावीत, अर्ज भरून द्यावा. हे झाले तर तो आजार लपवणार नाही.

आणि एक गोष्ट आपणच जपली पाहिजे. एखाद्याचा घोडा रोगी निघाला म्हणून त्याच्या घराला वाळीत टाकायचे नाही. त्याच्या मुलांना नळावरून हाकलायचे नाही. बहिष्कार काय असतो हे ज्यांच्या आजी-आजोबांनी सोसले, त्यांच्या वस्तीत असे होता कामा नये. वेगळे ठेवायचे ते आजारी जनावर.

शेवटी एक छोटे काम सुचवतो. विहारात शंभर पानी वही ठेवा. वस्तीत आणि आसपास जेवढे घोडे, खेचरे, गाढवे उभी राहतात त्यांची एकेक ओळ लिहा : मालकाचे नाव, जनावराचा रंग आणि खुणा, कुठून व कधी आणले, रक्त कधी तपासले, निकाल काय आला. लग्नासाठी बाहेरून घोडा आला तर त्याचीही ओळ टाका. वर्षातून एकदा मंडळातर्फे पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र देऊन रक्ततपासणीचे शिबिर मागा आणि त्या दिवशी वही डॉक्टरांसमोर ठेवा. उद्या कुठे रोग निघाला आणि खात्याची माणसे माग काढत आपल्या गल्लीत आली, तर त्यांना उत्तर त्या वहीत मिळेल.